किराण्याची कुपनं वापरून पैसे खरंच वाचतात का? माझ्या बिलांवरून केलेला रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. किराणा ॲपवरच्या कुपनांना माझ्याकडून पाचपैकी अडीच, बँकेच्या कार्डावर मिळणाऱ्या सवलतीला साडेतीन, पाकिटात निघणाऱ्या कॅशबॅक कुपनाला एक, आणि व्हॉट्सॲपवर येणाऱ्या फुकट व्हाउचरला शून्य, तेही जास्तच झालं. अडीच म्हणजे वाईट असं समजू नका हं. ज्याच्या हातात यादी आहे त्याच्यासाठी हेच कुपन चार मार्कांचं आहे आणि जो रिकाम्या डोक्याने ॲप उघडतो त्याच्यासाठी एक मार्काचं.

आमचं घर डोंबिवलीला, माणसं पाच, त्यात दोन वाढत्या वयाची पोरं म्हणजे बिस्किटांचा डबा कधी रिकामा होतो कळतच नाही, आणि सासूबाईंचं बरण्यांवर बारीक लक्ष. महिन्याचं वाणसामान भरायचं काम माझ्याकडे, म्हणून बिलंही माझ्याकडे, आणि बिलं मी टाकत नाही, फ्रीजवरच्या डब्यात कोंबून ठेवते. ॲपची बिलं मोबाईलमध्ये असतातच. त्यामुळे "मला वाटतं स्वस्त पडतं" असं नाही सांगत, बिल बघून सांगते.

आता ॲपचं कुपन नक्की कसं काम करतं ते बघा, कारण सगळी मेख तिथेच आहे. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं "₹१०० ऑफ" आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात "किमान ऑर्डर ₹७९९". समजा माझी यादी झाली ₹६४० ची. कुपन लागत नाही. डिलिव्हरीचे ₹२५ आणि हँडलिंगचे ₹१० धरले तर मला द्यायचे आहेत ₹६७५. आता ॲप सांगतंय अजून ₹१५९ चं घ्या म्हणजे शंभर सुटतील आणि डिलिव्हरीही फ्री. मग माणूस काय करतो, खाली सरकवत जातो, चिप्स, कोल्ड्रिंक, एखादं नवीन चॉकलेट, असं करत ₹८०५ होतात, त्यातून शंभर गेले, हँडलिंगचे दहा आले, बिल ₹७१५. म्हणजे शंभर रुपये "वाचवून" खिशातून चाळीस जास्त गेले. हां, त्या चाळीस रुपयांत ₹१६५ चा माल आला हे खरं, म्हणून मी कुपनांना सरसकट शिव्या घालणार नाही. प्रश्न एवढाच की तो ₹१६५ चा माल चिप्स होता की भांड्याचा साबण.

म्हणून मी एक भरीची यादी करून ठेवलीये मोबाईलच्या नोट्समध्ये. भरीची म्हणजे कुपनाची अट पुरी करायला थोडं कमी पडलं तर काय टाकायचं त्याची. त्यात काय आहे, तर धुण्याची पावडर, भांड्याचा साबण, टूथपेस्ट, मीठ, फिनाईल, उदबत्ती, सॅनिटरी पॅड, कचऱ्याच्या पिशव्या. यातलं काहीच नासत नाही, पोरं चोरून खात नाहीत, आणि कधी ना कधी विकत घ्यावंच लागतं. ही यादी नसेल तर कुपन तुम्हाला फिरवतं, असेल तर तुम्ही कुपनाला फिरवता. या रिव्ह्यूमधून एकच गोष्ट घेऊन जायची असेल तर ही घ्या, पुढचं नाही वाचलं तरी चालेल :)

दुसरी गंमत टक्क्यांच्या कुपनांची. "२०% सूट" आणि पुढे "कमाल ₹१२०". आता वीस टक्क्यांनी एकशेवीस रुपये सुटतात ते ₹६०० च्या बिलावर, त्याच्या पुढे तुम्ही कितीही घ्या, सूट तिथेच अडकली. ₹१५०० चं सामान घेतलं तर ती सूट पडते आठ टक्के. म्हणजे महिन्याचं मोठं सामान अशा कुपनावर भरणं म्हणजे वेडेपणा, ते कुपन छोट्या ऑर्डरसाठी आहे, आणि छोट्या ऑर्डरला परत डिलिव्हरी आणि "स्मॉल कार्ट" नावाचा दंड. आमच्या ह्यांनी लगेच डोकं चालवलं की तुझ्या मोबाईलवरून अर्धं आणि माझ्या मोबाईलवरून अर्धं मागवू, दोघांचं कुपन लागेल. चालतं हे, खोटं कशाला बोलू, पण दोन वेळा हँडलिंग, दोन वेळा दार उघडायला धावा, आणि दोन्ही ऑर्डरींत कोथिंबीर, कारण कोणी काय टाकलं हे कोणालाच माहीत नाही.

नवीन ग्राहकाचं कुपन मात्र घ्याच. पहिल्या ऑर्डरची सूट बहुतेक ठिकाणी बरी असते कारण त्यांना तुम्हाला ओढून आणायचं असतं. ते वापरताना यादीतली सगळ्यात महाग गोष्ट घ्यायची, आमच्याकडे ती म्हणजे तूप आणि बदाम. पुढच्या कुपनांचा जोर हळूहळू कमी होत जातो आणि महिनाभर तुम्ही ॲप उघडलंच नाही की परत "आम्हाला तुमची आठवण येते" म्हणत एक जाडजूड कुपन येतं. त्यामुळे रोज ॲप उघडणाऱ्यापेक्षा रुसून बसणाऱ्याला जास्त मिळतं असा माझा अनुभव, म्हणून आता मी मुद्दाम आलटून पालटून वापरते.

आता तक्रार. एका ॲपवर, नाव नाही घेत, कुपन लावून ऑर्डर केली, त्यातली तेलाची पिशवी आलीच नाही. पैसे परत मिळाले पण तेलाच्या किमतीएवढे नाही, कमी. कस्टमर केअरच्या चॅटवर विचारलं तर म्हणे मॅडम कुपनची सूट सगळ्या वस्तूंवर वाटली जाते, म्हणून तेलाच्या वाट्याची सूट वजा करून रिफंड. हिशोबाने बरोबर असेल हो, पण मग तेच तेल मला दुसरीकडून पूर्ण किमतीला आणावं लागलं, कारण कुपन तर वापरून संपलं. चूक त्यांची आणि भुर्दंड माझा. बराच वेळ घासाघीस केल्यावर एक नवीन कुपन दिलं, त्याची मुदत किती, तर दोन दिवस. नुकतंच महिन्याचं सामान भरून झालंय आणि दोन दिवसांत मी काय मागवू, देव जाणे.

आणखी एक, पेमेंटच्या पानावर शेवटी नीट बघत जा. कुपन लागल्याच्या आनंदात हिरवी चौकट चमकते, कागदाचे रंगीत तुकडे उडतात, आणि त्याच पानावर खाली कुठेतरी टिप, देणगी किंवा मेंबरशिपची चौकट आधीच टिक केलेली असते. न विचारता टोपलीत असं काही घालणं, शेवटच्या पानावर अचानक चार्ज वाढवणं, "फक्त २ मिनिटं शिल्लक" म्हणून खोटी घाई करणं, या सगळ्याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला चकवायच्या युक्त्या, म्हणून मनाई केलेली आहे, असे १३ प्रकार त्यांनी दिलेत. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मी चॅटवर एवढं नुसतं लिहिलं तरी समोरच्याची भाषा बदलते असं बघितलंय.

आता सूट कशावरची ते बघू. ॲपवर तूरडाळीच्या पाकिटावर "४०% ऑफ" बघून हुरळून जाऊ नका. ब्रँडेड डाळीवर छापील किंमत मुळातच फुगवून ठेवलेली असते, बहुतेक दुकानांत ती त्या किमतीला विकली जात नाही, त्यामुळे छापील भावावरची सूट म्हणजे न आलेल्या तापावरचं औषध. डाळ, तांदूळ, साखर, पोहे, शेंगदाणे यांचा वाण्याकडचा सुटा भाव काय चाललाय तो माहीत पाहिजे, मग कळतं की चाळीस टक्के उतरून सुद्धा ॲप दोन-चार रुपये जास्तच घेतंय. बिस्किट, चहा, साबण, टूथपेस्ट यांचं तसं नाही, तिथे छापील किंमत आणि विकायची किंमत जवळजवळ असते, म्हणून तिथे मिळालेलं कुपन खरं कुपन.

आणि पाकिटावर अजून एक आकडा असतो जो आमच्या सोसायटीत कोणीच वाचत नाही. आता पॅकबंद वस्तूवर एमआरपीच्या जोडीला एककाचा भावही छापावा लागतो, म्हणजे एक ग्रॅम किंवा एक किलो केवढ्याला पडलं ते. किलोच्या आतलं पाकीट असेल तर ग्रॅमचा भाव, किलोच्या वरचं असेल तर किलोचा. आता धुण्याच्या पावडरीचंच घ्या. एक पाकीट ९०० ग्रॅमचं ₹१२६ ला, त्यावर लिहिलेलं ₹०.१४ प्रति ग्रॅम. शेजारी दोन किलोचं ₹२७० ला, त्यावर ₹१३५ प्रति किलो. पहिल्याला हजाराने गुणलं की ₹१४० किलो. म्हणजे मोठं पाकीट किलोमागे पाचच रुपये स्वस्त, आणि छोट्यावर दहा रुपयांचं जरी कुपन असेल तर छोटं स्वस्त. लांबून बघितलं तर ९०० ग्रॅम आणि किलोचं पाकीट सारखंच दिसतं, कंपनीला तेच हवं असतं. शॅम्पूचं तर उलटंच आहे, बाटलीवर कितीही कुपनं लावा, रुपया-दोन रुपयांची पुडी मिलीलीटरमागे बहुतेक वेळा स्वस्तच पडते. माझी मोठी मुलगी म्हणते आई पुड्या लावून मी हॉस्टेलवर हसं करून घेऊ का, तर तिला म्हटलं बाटलीत ओतून ने.

कुपनांच्या नादात एक मोठी सूट लोकांच्या लक्षातच आली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी उतरला तेव्हा अंघोळीचा साबण, टूथपेस्ट, शॅम्पू, केसांचं तेल १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. ज्याची मूळ किंमत शंभर, ते आधी ₹११८ ला पडायचं ते ₹१०५ ला, म्हणजे अकरा टक्के सूट, ना लॉगिन ना ओटीपी ना किमान ऑर्डर. धुण्याची पावडर मात्र १८ मध्येच राहिली. म्हणून माझं कुपन आता मी टूथपेस्टवर न घालवता पावडरीवर आणि लिक्विडवर लावते.

बँकेच्या कार्डाची सवलत मला जास्त आवडते, कारण तिथे नाटक कमी. ठरलेल्या वारी, ठरलेल्या दुकानात किंवा ॲपवर दहा टक्के, अमुक रकमेपर्यंत, महिन्यातून एकदा की दोनदा. बस. महिन्याचं सामान त्या वारी भरायचं. फक्त दोन गोष्टी बघायच्या, सूट तिथल्या तिथे कमी होते की "९० दिवसांत खात्यात जमा", कारण नव्वद दिवसांनी कोण बघतंय जमा झाली का, आणि दुसरं म्हणजे क्रेडिट कार्डाचं बिल पूर्ण भरायचं. उरलेल्या बिलावर व्याज लागलं की वर्षभराची कुपनं एका झटक्यात गेली.

कुपनांचा विषय निघाला की सासूबाई सुरू होतात. त्यांच्या वेळी पेपरात रोज एक कुपन यायचं, ते कात्रीने कापायचं, छापील तक्त्यावर भाताच्या शिताने चिकटवायचं, एक जरी दिवस चुकला तर शेजारच्यांकडे मागायला जायचं, आणि सगळी कुपनं भरली की पेपरच्या ऑफिसात रांग लावून डबा नाहीतर कॅसरोल आणायचा. आमच्याकडचा पोळ्यांचा कॅसरोल अजून तोच आहे आणि त्याचं झाकण अजून घट्ट बसतं, तेवढं मात्र कबूल करावं लागतं.

मग बिग बझारची एक्सचेंज ऑफर, आठवतेय का? जुनी रद्दी, जुने कपडे, फुटक्या बादल्या घेऊन जायच्या, किलोवर कुपनं मिळायची आणि ती वापरायला कुपनाच्या काही पट खरेदी करावी लागायची. लोक रिक्षा भरभरून भंगार घेऊन जायचे आणि ट्रॉली भरभरून नवीन भंगार घेऊन यायचे. २६ जानेवारीच्या आसपास "सबसे सस्ते दिन"ला तर आत शिरायलाच रांग. २०२२ मध्ये ती दुकानं रिलायन्सने ताब्यात घ्यायला सुरुवात केली आणि तो अध्याय संपला.

आणि सोडेक्सो! आमच्या ह्यांच्या ऑफिसातून मिळायची ती जेवणाची कागदी कुपनं, रबरबँड लावून पाकिटात. माझ्या मते घरखर्चासाठी आजवरचं सगळ्यात उत्तम कुपन तेच होतं, कारण त्याला ना किमान ऑर्डर, ना कमाल सूट, पगारातला तेवढा भाग टॅक्समधून सुटायचा आणि सरळ तूरडाळ-गोडेतेल यायचं. एकच त्रास, सुटे परत मिळायचे नाहीत, त्यामुळे काउंटरवर उभं राहून "अजून सहा रुपयांचं काय घेऊ" करत पोरांच्या हातात चॉकलेटं यायची. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने २०१७ च्या शेवटी कागदी कुपनं बंद झाली, कार्ड आलं, आता तर नावही बदलून प्लक्सी झालंय. ऑफिसातून असं मील कार्ड मिळत असेल आणि ते नुसतं कँटीनच्या सँडविचवर संपत असेल तर जरा चौकशी करा, किराण्याच्या बऱ्याच दुकानांत चालतं. टॅक्सचा फायदा तुम्हाला मिळतो का, ते एचआरला विचारा.

पाकिटातल्या कॅशबॅकवर फार बोलत नाही. बिस्किट किंवा चहाच्या पुड्यात कोड असतो, तो अमुक नंबरवर पाठवायचा, मग लिंक, मग नाव, मोबाईल नंबर, वय, पिनकोड, आणि शेवटी पाच रुपये यूपीआयला किंवा "बेटर लक नेक्स्ट टाइम". पाच रुपयांत माझा नंबर त्यांनी घेतला आणि त्यानंतर कर्जवाल्यांचे फोन जे सुरू झालेत ते विचारू नका. त्यापेक्षा पाकिटाला चिकटवलेला स्टीलचा चमचा परवडला, निदान तो घरात राहतो.

व्हॉट्सॲपवाल्यांसाठी मात्र जरा ओरडून सांगते, कारण आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी येतंच. "डीमार्टचा वर्धापन दिन, सर्वांना फुकट व्हाउचर, २० जणांना फॉरवर्ड करा." डीमार्ट असलं काही व्हॉट्सॲपवर वाटत नाही, ही फसवणूक जुनी आहे, फक्त वर्धापन दिनाचा आकडा बदलतो. लिंक उघडू नका, आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन टाकलात की पैसे जाणार, येणार नाहीत, एवढं घरातल्या मोठ्यांना पाठ करून ठेवायला सांगा. गेलेच पैसे तर १९३० ला लगेच फोन करायचा, दुसऱ्या दिवशी नाही, तेव्हाच्या तेव्हा.

डीमार्टचं नाव निघालंच आहे तर, महिन्याचं मोठं सामान मी शेवटी तिथूनच भरते आणि तिथे कुपन हा प्रकारच नाही. २००२ मध्ये पवईला पहिलं दुकान काढलं तेव्हापासून त्यांचा खाक्या तोच, रोजच छापील भावापेक्षा कमी, सेलची वाट बघायची गरज नाही. ॲपची कुपनं लावून लावून जो भाव मी काढते तो तिथे फळीवरच लिहिलेला असतो. मग पाचपैकी पाच का नाही? कारण रविवारची गर्दी, बिलिंगची रांग, रिक्षाचे जायचे-यायचे पैसे, आणि मुख्य म्हणजे ट्रॉली. तिथे कुपन नसलं तरी ट्रॉली आहे. प्लास्टिकचे डबे, पायपुसणी, मुलांचे टीशर्ट, यादीत नसलेलं काहीतरी चढतंच. म्हणून आम्ही दोघंच जातो, पोरं घरी, आणि ट्रॉलीऐवजी आधी हातातल्या टोपल्या घेतो, जड झाल्या की आपोआप खरेदी थांबते. रिक्षाचे पैसे बिलात धरले तर दोन-अडीच हजाराच्या खालच्या खरेदीसाठी आमच्यासारख्या स्टेशनजवळच्यांना तिथवर जाणं परवडत नाही, मग तेव्हा कोपऱ्यावरचं दुकान नाहीतर ॲप.

कुपन-बिपन काही नको आणि माल मात्र चांगला हवा असेल तर मुंबई ग्राहक पंचायतीचं वाटप बघा, माझी आत्या कित्येक वर्षं त्यांच्याकडून घेते. १९७५ पासून चालू आहे. शेजारपाजारची घरं मिळून संघ करतात, दर महिन्याला प्रत्येक घराची मागणी एकत्र लिहून जाते, ठरलेल्या दिवशी सगळ्यांचं सामान कोणा एकाच्या घरी येतं आणि मग सगळ्या मिळून यादीप्रमाणे वाटून घेतात. भाव चांगले, तांदूळ-डाळ निवडायला त्रास कमी, आणि मागणी आधीच लिहून गेलेली असल्यामुळे ऐन वेळी चिप्स टाकायची सोयच नाही, भरीची यादी लागतच नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये मी विषय काढला होता पण "वाटपाला कोणाच्या घरी जमायचं" इथेच गाडी अडली. ज्यांच्याकडे वेळ आहे आणि शेजारी बरे आहेत त्यांनी जरूर करावं. आत्याकडे वाटपाच्या दिवशी पोहे आणि चहा असतो, सामानापेक्षा त्याचीच चर्चा जास्त.

कोपऱ्यावरच्या वाण्याला पण मार्क द्यायचे तर साडेतीन. कुपन देत नाही, पण एकरकमी यादी दिली की "ताई, खालचे सुटे सोडा" म्हणून पंधरा-वीस रुपये कमी करतो, पोरगा चौथ्या मजल्यावर आणून देतो त्याचे पैसे नाहीत, महिनाअखेर वहीत लिहून ठेवतो, आणि खराब निघालं तर चॅट करत बसावं लागत नाही, पुडी परत पाठवली की झालं. ॲपवरचा भाव मोबाईलवर दाखवला तर चहा-साबणावर कधी कधी तेवढ्याला देतोही. नेहमी दाखवू नका मात्र, एकदा तोंड वाकडं झालं की उधारीपण जाते.

आता दिवाळीच्या तोंडावरचं, कारण तेव्हा सगळ्यात जास्त कुपनं सुटतात आणि सगळ्यात जास्त गोंधळ पण तेव्हाच. तूप, तेल, बदाम, काजू, वेलची यांवर कुपन लावा, महाग वस्तू आहेत, सूट दिसून येते, पण सुक्यामेव्याच्या पाकिटावरचा ग्रॅमचा भाव बघून, गिफ्ट बॉक्स तर अजिबात घेऊ नका, त्यात बरेचसे पैसे पुठ्ठ्याचे. बेसन घेताना दळलेल्याची तारीख बघा, कारण सेलमध्ये जुना माल पुढे सरकवतात. रवा-मैदा फराळाला लागतो तेवढाच, कुपन मिळालं म्हणून पाच किलो रवा घेऊन ठेवलात आणि हवा दमट असली की त्याला जाळी धरते, मग चाळत बसा. घेतलाच असेल तर कोरडा भाजून बरणीत भरा. चकलीची भाजणी ॲपवरची मला नाही आवडत, धणे-जिऱ्याचा वासच नसतो, ती गिरणीतूनच. आणि नारळ कुठलंही कुपन असो, वाण्याकडूनच घ्या. तो कानाशी हलवून, वाजवून घ्यावा लागतो, आणि डिलिव्हरीवाल्या पोराला दारात उभं करून सहा नारळ वाजवत बसलं तर ते बिचारं दुसऱ्यांदा आपल्या बिल्डिंगची ऑर्डरच घ्यायचं नाही.